गावच्या भिंतीवर देव काढायचा तर

दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधल्या गावांत भिंती रंगवून माझं घर चालतं. सुरुवात कृषी केंद्रांच्या पाट्या आणि ट्रॉल्यांवर नावं टाकण्यापासून झाली; मग मंदिरांच्या कमानी आल्या, विहार, शाळा, दर्ग्याचं फाटक, बंजारा तांड्यावरचं सेवालाल महाराजांचं ठाणं आलं. आता नवीन पोट्टे या कामात उतरले आहेत. त्यांचा हात चांगला आहे, शेड तर माझ्यापेक्षा साफ मारतात. पण देवाचं, संताचं, महापुरुषाचं चित्र काढताना हात चांगला असून भागत नाही. दुकानाची पाटी बिघडली तर मालक पैसे कापतो. इथं बिघडलं तर शेजारी शेजाऱ्याशी बोलणं सोडतो, आणि ते पुन्हा सुरू व्हायला वर्षं जातात. म्हणून जे शिकलो ते लिहून ठेवतो.

मी जेवढे वाद पाहिले, त्यातले फार थोडे चित्रकारानं काय काढलं यावरून झाले. चित्र कुठं काढलं, कोणाला न विचारता काढलं, शेजारी काय होतं आणि दोन पावसाळ्यांनी त्याची काय दशा झाली, यावरून बाकीचे सगळे. म्हणजे वादाचं मूळ बहुतेक वेळा ब्रश उचलायच्या आधी किंवा ब्रश ठेवल्यानंतर असतं.

आधी भिंत बघा

आमचा पट्टा पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्टा. जमिनीतला खार भिंतीत चढतो. खालचं दोन-तीन फूट प्लास्टर फुगतं, पांढरी बुकणी बाहेर येते, त्यावरचा ऑइल पेंट पापुद्र्यानं सुटतो. अशा भिंतीवर तुम्ही जोत्यापासून पूर्ण उंचीचा विठोबा काढला, तर पहिल्यांदा जातात ते पाय. ज्या पायांवर डोकं ठेवायला माणूस पंढरपूरला चालत जातो, ते पाय भिंतीवरून खपल्या होऊन पडताना त्याला रोज बघायला लावायचे का? त्याला खार दिसत नाही, विटंबना दिसते. आणि त्याचं काही चुकत नाही.

म्हणून आधी ओल तपासा. प्लास्टिकच्या पन्नीचा हातभर चौकोन भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं चिकटवा आणि दोन दिवस सोडा. आतून थेंब जमले तर भिंत ओली आहे. पांढरी बुकणी दिसली तर ती कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका. पाण्यानं खार पुन्हा आत मुरतो आणि वाळताना परत बाहेर येतो. जिथं खार आहे तिथं जमिनीपासून तीन फूट सोडून चित्र सुरू करा. खालचा पट्टा चुन्याचा ठेवा, गेरूची रुंद किनार मारा, म्हणजे दरवर्षी दिवाळीला तेवढाच भाग रंगवता येतो. ऑइल पेंटपेक्षा बाहेरच्या भिंतीचं इमल्शन बरं, त्यातून भिंतीला थोडा श्वास घेता येतो.

मग भिंतीच्या समोर उभं राहून आजूबाजूला बघा. नाली कुठून वाहते? पानठेला किती अंतरावर आहे? आमच्याकडं खर्रा खाणाऱ्याच्या थुंकीचा पल्ला कमी नसतो. बकऱ्या कुठं बांधतात, विजेची मीटरपेटी कुठं आहे, पुढच्या वर्षी नळाचा पाइप कुठून जाणार आहे, हे सरपंचाला विचारून घ्या. एका गावात बाबासाहेबांचं चित्र छान झालं होतं. महिन्यानं वायरमननं नेमकी त्यांच्या छातीवर पेटी ठोकली. त्यात काढणाऱ्याचा दोष नव्हता, ठोकणाऱ्याच्या मनातही काही नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत शंभर माणूस जमला.

सगळ्यात जास्त मागणी येते ती वेगळ्याच कामासाठी. कंपाउंडच्या भिंतीला लोक लघवीला उभे राहतात, तिथं शंकर, साईबाबा, मक्का, येशू असं ओळीनं काढून द्या, म्हणजे लोक थांबतील. शहरात जिन्याच्या कोपऱ्यांत अशा टाइल्स लावतात, तीच कल्पना. हे काम मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. लोक थांबतीलही, पण सगळे नाही. रात्री दारू पिऊन आलेला थांबत नाही, कुत्रा थांबत नाही. देवाला घाणीत राखणीला उभं करण्यात कसला आला आदर? मी मालकाला सांगतो, तिथं साठ रुपयांचा बल्ब लावा, भिंतीशी गिट्टी टाका आणि काढायचंच असेल तर पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, शेत काढून देतो. बोंडं फुटलेली पऱ्हाटी काढायला मला देवाइतकीच आवडते.

आणखी एक. ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, रस्त्याकडेच्या भिंतीवर देव काढला की पंधरा दिवसांत कोणी तरी कुंकू लावतं, मग उदबत्ती, मग ओटा, मग वर टिनाचं शेड. सार्वजनिक रस्त्यावर, सार्वजनिक जागेत नवं प्रार्थनास्थळ होऊ द्यायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००९ सालचा आहे. पुढं रस्ता रुंद व्हायचा असतो, मशीन येते आणि गाव आडवं होतं. या सगळ्याची सुरुवात एका चित्रापासून झालेली असते. म्हणून सार्वजनिक भिंतीवर देवाची मूर्ती समोरून, पूजेला उभी असल्यासारखी काढू नका. प्रसंग काढा: दिंडी काढा, कीर्तन काढा, खंजिरी वाजवणारे तुकडोजी महाराज आणि समोर बसलेलं गाव काढा. प्रसंगाच्या चित्राला लोक नमस्कार करतात, पण त्याला शेड घालत नाहीत. शिवाय ग्रामपंचायतीचा ठराव हातात असल्याशिवाय सरकारी भिंतीला ब्रश लावू नका. मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आपल्याला लागू होतो, मग चित्र कितीही चांगलं असो.

विचारायचं कोणाला

पैसे देणाऱ्याला तर विचारावंच लागतं. पण तो एकटा पुरत नाही. ज्यांच्या श्रद्धेचं चित्र आहे त्यांच्यातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यात एक बाई हवीच. आणि ज्यांच्या दारासमोर ती भिंत रोज असणार आहे त्यांना विचारा, ते कोणत्याही धर्माचे असोत.

शेवटचं का, ते सांगतो. एका गावात मंदिराच्या कमानीवर दशावतार काढायचं काम होतं. विश्वस्तांनी पंचांगातलं छापील चित्र दिलं. त्यात नववा अवतार बुद्ध. कमानीसमोरचा रस्ता सरळ बौद्धपुऱ्यात जातो; तिथली पोरं त्याच कमानीखालून शाळेत जातात. मी आखणी करण्याआधी तिकडं गेलो. विहाराजवळ ओट्यावर एक आजी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बोटानं एक एक चित्र मोजत नवव्यावर थांबल्या.

“बाबू, हे तं आमचे भगवान बुद्ध हायेत.”

“हाव आजी. म्हणूनच इचाराले आलो.”

“मंग इथं काहून? आमचा बुद्ध कोणाचा अवतार नाही. बाबासायबानं नागपुरात आमच्या बापाकून वदवून घेतलं होतं. मी लहान होती, बापाच्या खांद्यावर होती.”

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेताना बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पाचवी हीच आहे: बुद्ध हा विष्णूचा अवतार हे खोटं आहे, ते मी मानणार नाही. म्हणजे मंदिरवाल्यांना जे आदरानं काढल्यासारखं वाटतं, ते समोरच्या वस्तीला त्यांनी घेतलेली शपथ मोडल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजू मनापासून बोलत असतात. इथं कोणी वाईट नसतं, आणि तरीही जखम खरी असते.

मी विश्वस्तांकडे परत गेलो. ते म्हणाले, पंचांगात हाय ना नववा. मी म्हटलं, आहे. पण दशावताराची यादी सगळीकडे एक नाही. काही परंपरांत बुद्ध नसतो, राम, बलराम, कृष्ण, कल्की असा क्रम येतो. महाराष्ट्रातल्या काही जुन्या छापील चित्रांत तर नवव्या जागी विठ्ठल दिसतो. बलराम घेऊ, खांद्यावर नांगर असलेला. त्यातले एक काका बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मंग तं हा आपल्या कास्तकाराचाच देव झाला.” तोच काढला. कोणाच्या श्रद्धेतलं काही कमी झालं नाही आणि त्या रस्त्यानं जाणाऱ्या पोरांना मान खाली घालावी लागली नाही.

हे विचारणं म्हणजे परवानगी मागत हिंडणं, असं काही पोट्ट्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. मुंबईतल्या दालनात टांगलेलं चित्र बघायला माणूस आपल्या पायानं जातो, नको वाटलं तर परत फिरतो. गावच्या भिंतीसमोरून त्याला दळण घेऊन जायचंच असतं. ज्याला बघणं चुकवता येत नाही, त्याला आधी विचारणं हे मी माझं कर्तव्य समजतो.

रावणाचंही असंच आहे. दसऱ्याला दहा तोंडांचा रावण काढून द्या, असं मंडळं सहज सांगतात. पण आमच्याच अकोला जिल्ह्यात, पातूर तालुक्यातल्या सांगोळ्याला रावणाची मूर्ती पुजली जाते, मेळघाटात कोरकू लोक रावण आणि मेघनाथाला मानतात, आणि गडचिरोलीकडे रावणदहन थांबवा अशी आदिवासी संघटनांची मागणी असते. धारणीच्या बाजूला काम घेतलं तर अक्राळविक्राळ रावण काढण्याआधी कोरकू घरांतल्या माणसांशी बोला.

खुणा सांभाळा, चेहरा तुमचा

बहुतेक ग्राहक म्हणतात, देवाचा खरा चेहरा काढा. खरा चेहरा म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचा असतो. तो कॅलेंडरचा चेहरा राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून घरोघर गेला. १८९४ साली मुंबईत त्यांनी छपाई सुरू केली आणि साडीतली लक्ष्मी, सरस्वती भिंतीभिंतींवर आली. त्याआधीही लोक देवाला ओळखत होतेच. कशावरून? हातातल्या आयुधांवरून, वाहनावरून, उभं राहण्याच्या ढबीवरून. म्हणून खुणा चुकवू नका. विठ्ठलाचे हात कमरेवर आणि पाय विटेवर पाहिजेत. गणपतीची सोंड कोणत्या बाजूला हे विचारल्याशिवाय आखणी नको, उजव्या सोंडेचं सोवळं लोक अजून पाळतात. मापाचं म्हणाल तर चेहऱ्याच्या नऊपट उंची हे जुन्या शास्त्रातलं देवाचं माप, गणपतीला पाचपट. हे धरलं की मूर्ती आपोआप भारदस्त दिसते.

हल्ली ग्राहक मोबाइलवर एआयनं बनवलेलं चित्र आणतात. त्यात विठोबाचे दंड पहिलवानासारखे, मारुतीच्या पोटाला सहा वळ्या, आणि नीट मोजलं तर बोटंही सहा. ते जसंच्या तसं उतरवू नका. गाड्यांच्या काचेवर आता सगळीकडं रागावलेला मारुती दिसतो. तरुण पोरांना तो पाहिजे असतो. पण आमच्या वेशीवरचा मारुती शेंदराचा गोळा आहे, त्याला नाकडोळेसुद्धा नीट दिसत नाहीत, चांदीचे दोन डोळे तेवढे चमकतात, आणि बाया त्याच्यापाशी पोराच्या तापासाठी नवस बोलतात. ज्याच्याकडे माणूस भिऊन नाही, आशेनं जातो, त्याला दात विचकायला लावू नये, हे माझं मत आहे आणि मी ते मंडळाला स्पष्ट सांगतो. त्यांनी तरी हट्ट धरला तर मी मधला चेहरा काढून देतो, गंभीर, पण ओठ मिटलेले.

संतांच्या बाबतीत जपायचं ते वेगळं. गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, १८७६ चा शेंडगावचा जन्म. डोक्यावर खापर, हातात खराटा, अंगावर ठिगळांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच. एवढं सगळं असताना लोक त्यांच्या डोक्यामागे सोनेरी वलय मागतात. मी देत नाही. जो माणूस स्वतःला कोणाचा गुरू म्हणवून घ्यायला तयार नव्हता, ज्यानं देवळापेक्षा धर्मशाळा बांधल्या, त्याच्या डोक्यामागे तेजाची थाळी लावणं हा माझ्या मते त्यांचा अवमान आहे, मग तो कितीही भक्तीनं केलेला असो. दुखावण्याचे गुन्हे नेहमी तिरस्कारातून होत नाहीत, प्रेमातूनही होतात.

गजानन महाराजांचं चित्र तर प्रत्येक दुसऱ्या घराला पाहिजे असतं. एका शाळेत मुख्याध्यापकांनी सांगितलं, महाराज पाहिजेत पण चिलीम नको, पोरं बघतात. गावातले वारकरी म्हणाले, पोथीत चिलीम आहे, ती काढून टाकणारे तुम्ही कोण? शिवाय महाराज दिगंबर. मी दोघांनाही पटेल असा प्रसंग शोधला. १८७८ साली शेगावात महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. तोच प्रसंग शाळेच्या खिचडीच्या खोलीबाहेर काढला. उकिडवे बसलेले महाराज, दोन्ही गुडघे पुढं, त्यांच्या आड शरीर, समोर पत्रावळ, बोटांत एक शीत, मान किंचित खाली. चिलमीचा प्रश्नच येत नाही आणि अंगावर खोटं वस्त्रही घालावं लागत नाही. बैठक नीट निवडली की झाकण्याची गरज राहत नाही. ताटात अन्न टाकू नका असं तिथं लिहायचं होतं, तेही मग लिहावं लागलं नाही. मंदिराच्या भिंतीवर मात्र मी चिलीम काढतो. तिथली चिलीम त्या लोकांच्या भक्तीचा भाग आहे, ती बाहेरच्या कोणी काढून घेऊ नये.

जैनांचं काम आलं तर एक रेघही मनानं ओढू नका. वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर आहे. मूर्तीच्या कमरेचा कंदोरा आणि कच्छोटा, म्हणजे करदोडा आणि लंगोट, दिसावा की नाही, यावर दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात पिढ्यान् पिढ्या खटले चालले. १९८१ पासून मंदिराला कुलूप होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये निघालं. कमरेवरची एक रेघ एवढी वजनदार असते. डोळ्यांचंही तसंच, श्वेतांबरांकडे उघडे, दिगंबरांकडे अर्धे मिटलेले. पंथ कोणता ते विचारा, त्यांनीच दिलेला नमुना घ्या आणि त्याच्या बाहेर जाऊ नका.

मशिदीच्या आणि दर्ग्याच्या कामात माणसाची आकृती येत नाही. पैगंबरांचं चित्र कोणत्याही रूपात नाही, सूचकसुद्धा नाही. वेलबुट्टी, घुमट, चंद्रतारा आणि अक्षरं, एवढंच. अक्षरांत सगळ्यात जास्त काळजी घ्या. आपल्याला वाचता येत नाही, आणि एक नुक्ता इकडचा तिकडं झाला की शब्द बदलतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातला फोटो उलटा येऊ शकतो, त्यावरून खाने पाडले तर पूर्ण ओळ उलटी उतरते. छापील नमुना घ्या. आखणी झाल्यावर मौलानांना वाचायला लावा, रंग भरल्यावर पुन्हा वाचायला लावा. आणि ओळ पन्हाळीखाली येऊ देऊ नका, पावसात पवित्र अक्षरांवरून घाण पाणी वाहिलेलं त्यांना सहन होत नाही. आपल्यालाही होऊ नये.

विहाराच्या कामात लोक मोजतात. पंचशील ध्वजाचे पट्टे निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी याच क्रमानं पाहिजेत. अशोकचक्राला चोवीस आरे. अंदाजानं काढले की बावीस नाही तर सव्वीस होतात. खिळ्याला दोरी बांधून वर्तुळ काढा, तीच दोरी परिघावर फिरवत खुणा करा, बरोबर सहा येतात. प्रत्येकाच्या मधोमध एक खूण, बारा. पुन्हा मधोमध, चोवीस. बाबासाहेबांच्या कोटाचा निळा ठरलेला आहे, तो आकाशी करू नका, आणि त्यांच्या चित्राला गंध, दिवा, नारळ असलं काही जोडू नका.

डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, हे सगळ्या कामांना लागू. माझ्या वडिलांच्या वयाचे पेंटर त्या वेळी गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बोलवायचे. मीही बोलावतो. डोळे उघडले की चित्र आपलं राहत नाही, ते त्या गावाचं होतं, तर त्या क्षणी गावातलं कोणी तरी हजर असावं. त्यात कामाचाही फायदा आहे. भुवई चढली, नजर वाकडी गेली, तर ते तिथंच सांगतात.

न रंगवणं

बऱ्याच गावांत शेताच्या बांधावर, नदीकाठी जुन्या काळ्या दगडाच्या मूर्ती आहेत. हेमाडपंती मंदिराचे खांब आहेत. गाव वर्गणी काढतं आणि आपल्याला बोलावतं, मूर्तीला ऑइल पेंट मारून द्या, साडी हिरवी करा, दागिने सोनेरी करा. नाही म्हणा. ऑइल पेंटनं दगडाची छिद्रं बुजतात, आतली ओल आतच कोंडते, वर सालपटं निघतात आणि त्यासोबत आठशे वर्षांचं कोरीव काम झडतं. संरक्षित स्मारक असेल तर तो गुन्हाही आहे. गावाला राग येतो, मग मी त्यांना मूर्तीच्या मागं उरलेली जुनी छिन्नीची रेघ दाखवतो. दगडाला हात लावून बघितलं की बहुतेकांना कळतं. मूर्तीसाठी ओटा बांधा, कपडा नेसवा, फुलं वाहा. रंगवायचंच असेल तर मागची भिंत मी रंगवून देतो.

कोणी आक्षेप घेतला तर

आक्षेप आला की आधी ब्रश ठेवा आणि खाली उतरा. रंगकामाच्या लाकडी घोड्यावरून, शिडीवरून बोलू नका. मग एकच प्रश्न विचारा: काय बदललं तर तुम्हाला चालेल? ज्याला खरंच लागलेलं असतं तो नेमकं सांगतो. हा हात असा नको, हे पायाजवळ नको, हे नाव खाली आलं. ते त्याच वेळी बदलून द्या, पैसे मागू नका. ज्याला गावात वजन दाखवायचं असतं, तो नेमकं काही सांगत नाही. सगळंच पुसा म्हणतो, आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्या गावचा असतो. त्याच्याशी भिंतीसमोर वाद नको, पण त्याच्या सांगण्यावरून पुसूही नका. सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्ती समिती यांना बसवा आणि बैठकीत ठरू द्या. दोन्हीतला फरक ओळखणं हे या कामातलं सगळ्यात अवघड शिक्षण आहे. सगळ्यांपुढं वाकलात तर उद्या भिंतीवर काहीच काढता येणार नाही, आणि कोणापुढंच वाकला नाहीत तर तुम्ही काढलेल्याला किंमत राहणार नाही.

कायदा थोडा माहीत असू द्या. धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं कलम २९५-अ, १९२७ साली आलेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्यात बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूनं केलेलं असं स्पष्ट म्हटलं आहे. नकळत झालेली चूक त्यात बसत नाही. म्हणून तुमचा हेतू कागदावर दिसू द्या. कच्च्या चित्रावर मंडळाच्या दोघा-तिघांच्या सह्या घ्या, ज्यांना विचारलं त्यांची नावं वहीत लिहा, ठरावाची प्रत ठेवा, भिंतीचा आधीचा आणि नंतरचा फोटो काढा.

हे सगळं वाचून तुम्ही घाबरावं, असं मला वाटत नाही. एम. एफ. हुसेन पंढरपुरात जन्मलेले, तरुणपणी मुंबईत सिनेमाची मोठी पोस्टरं रंगवायचे, म्हणजे आपल्याच धंद्यातले. देवतांची विवस्त्र चित्रं काढली म्हणून त्यांच्यावर खटले झाले आणि त्यांना देश सोडावा लागला. दिल्ली उच्च न्यायालयानं २००८ साली भारतमातेच्या चित्रावरचे खटले रद्द केले. तरी ते परत येऊ शकले नाहीत, २०११ मध्ये लंडनला वारले. त्यांनी काढलेली सगळी चित्रं मी गावच्या भिंतीवर काढणार नाही, ते वर सांगितलेल्या कारणामुळं. पण पंढरपूरच्या चित्रकाराला परक्या मातीत जावं लागलं, हे मला आजही सलतं. देवळाच्या भिंतीवर उघडं शरीर आपल्या परंपरेत कधी नव्हतं, असं कोणी म्हणालं तर त्याला वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या मंदिरात घेऊन जा. बाहेरच्या भिंतींवर प्रेमी युगुलं कोरलेली आहेत, आणि महाशिवरात्रीला हजारो माणसं त्याच भिंतींना वळसा घालून आत जातात. दालनातलं चित्र, शिल्पातलं चित्र, गावच्या भिंतीवरचं चित्र, प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. आपल्याला आपले पाळायचे आहेत, दुसऱ्याचा कुंचला हिसकावणाऱ्यांत आपण सामील व्हायचं नाही.

काम संपल्यावर

चित्राला वय असतं. आमच्या उन्हात भगवा रंग सगळ्यात आधी उडतो, मग लाल. दोन वर्षांनी टच-अप करायचं पैसे घेतानाच ठरवा आणि ते रकमेत धरा. मागाहून कोणी देत नाही. गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत कुठंही जा, निम्मं नाक उडालेले देव दिसतील. ते कोणी मुद्दाम केलेलं नसतं, फक्त पुढचं कोणी ठरवलेलं नसतं.

फ्लेक्सचं काम येतं तेव्हा मी जास्त सावध असतो. जयंती, यात्रा झाली की तोच फ्लेक्स गोठ्यावर चढतो, सोयाबीनच्या गंजीवर पडतो, बकऱ्यांखाली अंथरला जातो, आणि त्यावर महापुरुषाचा किंवा देवाचा चेहरा असतो. शक्य असेल तिथं फ्लेक्सवर फक्त नाव आणि चिन्ह घ्या, चेहरा भिंतीवर किंवा कपड्यावर रंगवा. चेहरा घ्यावाच लागला तर मंडळाकडून दोन नावं लिहून घ्या, उतरवल्यावर फ्लेक्स कोणाच्या घरी गुंडाळून राहील ते. वर्गणीदारांचे फोटो देवाच्या वर किंवा देवाहून मोठे टाकायचे नाहीत, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

आणि जुनं चित्र पुसायचं असेल तर खरवडू नका. पत्र्यानं चेहरा खरवडताना कोणी मोबाइलवर घेतलं तर पुढचं तुम्हाला सांभाळता येणार नाही. ज्यांचं चित्र आहे त्यांना दोन दिवस आधी सांगा. सकाळी लवकर सुरू करा, भिंतीवरचे हार, कुंकू त्यांनाच उतरवू द्या. चुन्यात थोडा डिंक घालून पहिला हात चेहऱ्यावरून, एका दमात, रुंद ब्रशनं. मग बाकीची भिंत. काम अर्धं टाकून जेवायला जाऊ नका. चुन्याच्या एका हातानं खालचे डोळे पूर्ण झाकत नाहीत, म्हणून दुसरा हात त्याच दिवशी द्या.